आमूची पायरी

३० जून, सोमवार

आज आणखी एक लेकरू आलं. आम्रपाली नाव, घरचे आमू म्हणतात, साडेतीन वर्षांची. रडणं बिलकुल नाही. आईचं बोट सोडलं आणि सरळ जाऊन ठोकळ्यांच्या टोपल्याजवळ बसली.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून नव्या ऑफिसांत बाया नोकरीवर येऊन राहिल्या, पण लेकरं ठेवायची सोय कोणाजवळ नाही. म्हणून तर मी समोरच्या दोन खोल्यांत हे झुलाघर उघडलं. मी जिथं मास्तरीण होती ती शाळाच बंद पडली, तेव्हापासून घर खायला उठत होतं. आता सकाळपासून कलकलाट राहते. हे म्हणतात, "सुचिता, तुझा चेहराच बदलला."

आमूची आई सोनाली कलेक्टर ऑफिसात बाबू आहे. वडील राहुल रामाकोन्याच्या शाळेत मास्तर, रोज मोटरसायकलनं जातात-येतात. जाताना सोनाली दारात थांबली. "ताई, एक सांगायचं होतं. आम्ही बौद्ध आहो. तिला टिक्का नका लावू, अन् देवापुढं हात जोडायला नका लावू. बाकी सगळं चालते."

मी म्हटलं, "लेकरू तुमचं, मर्जी तुमची."

दुसरी एखादी असती तर तोंड वाकडं केलं असतं. मी नाही केलं. आईबाप सांगतील तसं वागायचं हे मी पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवलं आहे. यांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं केलं."

२ जुलै

प्रार्थनेच्या वेळी आमूला ठेवायचं कुठं हा प्रश्न होता. सगळ्यांसोबत गोलात बसवलं तर बाकीच्यांचं पाहून हात जोडते, कालच जोडले. तिच्या आईला दिलेला शब्द मोडते. म्हणून आज तिला मागच्या दाराच्या पायरीवर बसवलं, ठोकळे देऊन. वर टिनाची सावली आहे, नळाजवळ चिमण्या येतात. दार अर्धं लोटून घेतलं. सरस्वतीची प्रार्थना, मग टिक्का, मग फुटाणे-चिरंजीचा प्रसाद, एवढं झालं की तिला आत घ्यायचं. थोड्याच वेळाचा प्रश्न आहे.

प्रसादाच्या वेळी ती आत आली होती. तिनंही हात पुढं केला. मी म्हटलं, "आमू, तुझी मम्मी नाही म्हणते ना." ती आपल्या हाताकडे पाहत राहिली, मग तो फ्रॉकला पुसला. समजूतदार पोरगी आहे.

१५ जुलै

कालपासून झड लागली आहे. पायरीवर पाणी उडते. आमूला एक पोतं अंथरून दिलं आणि दाराच्या जरा जवळ सरकवलं. प्रार्थना संपल्यावर पाहिलं तर पाय ओले झाले होते. पुसून दिले. आता प्रार्थनेची घंटी वाजवली की ती आपल्या मनानंच उठते आणि पायरीवर जाऊन बसते, सांगावं लागत नाही. इतक्या लवकर इतकी शिस्त कोणत्याच लेकराला लागली नव्हती.

२४ जुलै, गुरुवार

अंकुर फार दांडगाई करते. योगेशभाऊंचा मुलगा, मेन रोडवर कपड्याचं दुकान आहे त्यांचं. आज प्रार्थनेत त्यानं बाजूच्या पोरीची वेणी ओढली. माझ्या तोंडून निघालं, "गप नाही बसला तर आमूजवळ बसवीन." पोट्टा एकदम चूप. ही युक्ती मला आधी काहून नाही सुचली!

प्रार्थना संपायच्या आधीच पुन्हा दांडगाई, तेव्हा खरंच नेऊन बसवलं. आमूला सोबत मिळाली म्हणून ती खूश झाली. आपले सगळे ठोकळे तिनं त्याच्यापुढं लोटले. तो दाराकडे तोंड करून हंबरडा फोडत राहिला, ठोकळ्यांना हातही लावला नाही. आमू त्याच्याकडे पाहत राहिली. मग एकेक ठोकळा परत आपल्याजवळ घेतला.

लेकरं आता त्या जागेला "आमूची पायरी" म्हणतात.

५ ऑगस्ट

योगेशभाऊ आज अंकुरला सोडायला आले तर बराच वेळ थांबले. भिंतीवरची सरस्वतीची तसबीर पाहून म्हणाले, "वहिनी, आम्ही तर संस्कारासाठी पाठवतो. नाहीतर सांभाळायला घरी माणसं काय कमी आहेत?" मग आमूकडे पाहून हळूच विचारलं, "त्या पोरीचा गिलास-बिलास वेगळा राहते ना?"

मी म्हटलं, "सगळे एकाच माठातलं पितात, गिलास कोणताही घेतात."

ते हसले. "नाही, मी आपलं सर्दी-खोकल्याच्या हिशोबानं म्हटलं."

बरोबर आहे, सध्या घरोघरी खोकला आहे. निळा प्लास्टिकचा गिलास आमूसाठी वेगळा काढून ठेवला. खरं तर सगळ्यांचेच वेगळे पाहिजेत, पण घरात तेवढे नाहीत. सुरुवात तर झाली.

हे विचारत होते, "मग अंकुरचा काहून नाही वेगळा केला? खोकला तर त्याला आहे." पुरुषांना घरातल्या गोष्टी समजत नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना अजून अंगावर काटा येते.

प्रार्थनेची तयारी करून मी आत समई आणायला गेली. परत येऊन पाहते तर आमू पायरीवर नाही. गोलाच्या मधोमध बसली होती. कुंकवाचा करंडा उलटा पडला होता, कपाळ, गाल, नाक, सगळं लाल करून घेतलं होतं तिनं. हात जोडलेले आणि डोळे घट्ट मिटलेले. बाकीची लेकरं हसत होती, ही हलत नव्हती.

मला वाटलं, देवाची ओढ म्हणतात ती हीच. कोणी शिकवलं नाही, उलट दूर ठेवलं, तरी लेकरू आपल्या पायानं आलं.

पण शब्द तो शब्द. तिला नळावर नेलं आणि तोंड धुवून दिलं. कुंकू निघू लागलं तशी ती ओरडायला लागली. दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेत होती. आजपर्यंत कधी न रडलेली पोरगी अशी रडली की मला तिला उचलवेना. देवासाठी रडत होती ती.

यांना सांगितलं. जेवताना हात थांबवून म्हणाले, "देवासाठी काहून रडन ती? लेकरांत बसायला रडली असन."

यांची श्रद्धा आधीपासूनच कमी आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

गोटमारीची सुट्टी. सकाळपासून जाम नदीकडून दगडफेकीचा गलका ऐकू येऊन राहिला, मधूनच अँबुलन्स जाते. हे पाहायला जात नाहीत, यांच्या मावसभावाचा दगड लागून डोळा गेला होता एका वर्षी.

घर रिकामं आहे, आणि डोक्यात आमूच येते. आईबापांची मर्जी पाळायची, ठीक. पण लेकराची मर्जी? ती कोणी विचारायची? सोनालीला विचारलं तर ती नाहीच म्हणणार. विचारलंच नाही तर?

सोमवारपासून आमू आत बसेल. ठरवलं.

१ सप्टेंबर

एक हप्ता झाला. आमू आता गोलात बसते आणि सगळ्यांत मोठ्यानं प्रार्थना म्हणते. पाठ केव्हा झाली काय माहीत, पायरीवर बसून ऐकूनच झाली असेल. चेहरा असा फुलते की पाहत राहावं.

संध्याकाळी सोनाली यायच्या आधी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं टिक्का पुसून काढते. थोडी लाली राहते, त्यावर पावडर. कधीकधी चोरी केल्यासारखं वाटते. सोनाली तिला उचलून मुका घेते तेव्हा मी दुसरीकडे पाहते. पण यात कोणाचं वाईट तर होत नाही. लेकरू हसते आहे.

आज एक गंमत झाली. नवीन आलेल्या छोट्या पोरीनं टिक्का लावू दिला नाही, तर आमूनंच तिचा हात धरला आणि पायरीकडे ओढत नेलं. "टिक्का नाही, तर बाहेर!" अशी रागावली की मला हसू आवरेना.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सोनाली आणि राहुल दोघं आले. आमू सोबत नव्हती. मी म्हटलं, "बरं नाही काय तिला?" राहुल बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

काल सोनालीची आई कमलबाई बोरगावहून आली होती. सगळे जेवायला बसले. आमूनं एकेकाच्या कपाळाकडे पाहिलं आणि आजीला म्हणाली, "तू बाहेर बस. टिक्का नाही लावला तो बाहेर बसते." आजी हसली. आमूनं तिचं ताट ओढत दाराबाहेर नेऊन ठेवलं. आणि मग घरभर फिरून आजीसाठी वेगळा गिलास शोधायला लागली.

"माझ्या सासूबाईला लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवत होते," राहुल म्हणाले. "त्यांनी ते आम्हाला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. काल त्या उठल्या, बाहेर गेल्या अन् तिथंच बसून जेवल्या. आम्ही किती म्हटलं, आत आल्या नाहीत. म्हणे, नातीनं वाढलं आहे, जेवू द्या मला."

मी म्हटलं, "सोनाली, तूच तर सांगितलं होतं, प्रार्थनेत बसवू नका म्हणून. मी तुझाच शब्द पाळला. मग पोरगी स्वतःच—"

"ताई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "देवापुढं हात नका जोडायला लावू, एवढं म्हटलं मी. माझ्या लेकराला बाहेर बसवा असं म्हटलं होतं काय?"

"मग मी करायचं काय होतं?"

"मांडीवर घेऊन बसायचं होतं. नुसतं बाजूला बसू द्यायचं होतं. काहीही." मग ती खाली पाहत म्हणाली, "अन् गिलास? तो कोणाच्या मर्जीनं वेगळा झाला?"

मी सर्दी-खोकल्याचं सांगितलं. राहुलनं सोनालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निघून गेले. आमूचं अंथरूण आणि कपड्यांचा जोड इथंच राहिला.

९ सप्टेंबर

आज कशात मन नाही. मी त्या पोरीला कधी चापट मारली नाही, रागानं बोलली नाही. पाय पुसले, भात कालवून भरवला. आणि हे ऐकायचं? त्यांच्या घरातला जुना दुखावा माझ्या डोक्यावर काहून?

यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा, माझं काय चुकलं?"

हे संत्र्याच्या क्रेटची दोरी गुंडाळत होते, ती खाली ठेवली. मग म्हणाले, "मला दिसत होतं. मी बोललो नाही." आणि बाहेर निघून गेले. म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

योगेशभाऊंना कुठून कळलं काय माहीत. त्यांनी मोबाईलवर मोहल्ल्याच्या ग्रुपात टाकलं की झुलाघरात देवाची प्रार्थना होते म्हणून एका घरानं वाद केला, मोठ्या पोस्टवरचे लोक आहेत, झुलाघर बंद पाडायला निघाले आहेत. असं काहीच झालं नव्हतं. मी फोन करून म्हटलं, "भाऊ, काढून टाका ते."

"वहिनी, तुम्ही काहून घाबरता? अख्खा मोहल्ला तुमच्या पाठीशी आहे."

आणि खरंच आहे. दिवसभर फोन येऊन राहिले. तीन घरं लेकरं ठेवायला तयार आहेत. ज्या बाया मला कधी नमस्कार करत नव्हत्या, त्या घरी येऊन "तुम्ही डटून राहा" म्हणून गेल्या. सगळे सोनालीचं नाव विचारतात. मी नाही सांगितलं. पण पांढुर्णा केवढं? संध्याकाळी एक बाई मलाच सांगत होती की ऑफिसात तिच्याशी कोणी नीट बोलून नाही राहिलं.

मला हे नको होतं. पण ग्रुपात मी काही लिहिलंही नाही. लिहायला घेतलं, पुसलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आमूचं अंथरूण आणि कपडे घेऊन सोनालीच्या घरी गेली. मनात होतं, सांगावं की प्रार्थना बंद करते, पोरीला पाठव. रस्ताभर वाक्य जुळवत गेली.

दार सोनालीनं उघडलं. ती सुट्टीवर आहे, पोरीला सांभाळायला कोणी नाही म्हणून. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली आमू चित्राचं पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आमू! मावशी आली बघ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक बंद केलं, उठली, माझ्या बाजूनं बाहेर गेली आणि त्यांच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून, आमच्याकडे पाठ करून. तिला कोणी काहीही म्हटलं नव्हतं.

सोनाली म्हणाली, "पाहा."

मी अंथरूण दारात ठेवलं. निघायचं तर आमूच्या बाजूनंच उतरावं लागत होतं. मी जाताना ती अंग चोरून आणखी सरकली, मला वाट द्यायला. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

१९ सप्टेंबर

कोणाला न सांगता आज प्रार्थना नाही घेतली. तसबिरीवर कापड टाकलं आणि लेकरांना म्हटलं, "आज आपण नुसती चिमणीची गोष्ट ऐकू." सगळे गोल बसले. अंकुर इकडंतिकडं पाहायला लागला. मग विचारलं, "मावशी, आज कोन बाहेर बसन?"

मी म्हटलं, "कोणी नाही बसत बाहेर."

"मग सुरू कसं होईन?"

छोटी पोरगी रडायला लागली, तिला वाटलं तिचीच पाळी आहे. दुसरे दोघं तिच्याकडे बोट दाखवत होते. मी गोष्ट सांगायला लागली, पण पुढचं काही आठवेना. या लेकरांना मी सरस्वती शिकवली होती असं मला वाटत होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. एक दिवस प्रार्थना नाही झाली तर घरोघरी कळलं होतं. सकाळी योगेशभाऊ आणि दोन आया दारात. "वहिनी, तुम्हाला कोणी धमकी दिली काय? सांगा तर खरं." मी म्हटलं, "नाही, माझंच डोकं दुखत होतं." एका आईनं मोठा देव्हारा देऊ केला. दुसरी म्हणाली, रोज आरतीच घ्या ना. मी हो-नाही काही बोलली नाही, तर त्यांनी ते हो समजलं.

प्रार्थना घेतली. मागच्या दाराला कुलूप लावून टाकलं. घंटी वाजवली की दोन-तीन लेकरं अजूनही मान वळवून त्या दाराकडे पाहतात.

खोल्या गजबजून गेल्या आहेत.

६ ऑक्टोबर

यांना बसस्टँडवर राहुल भेटले. आमूला बोरगावला आजीजवळ ठेवलं आहे. पांढुर्ण्यात दुसरं कुठं ठेवायला सोनालीचं मन घेत नाही, आणि नोकरी सोडून भागत नाही. रविवारी दोघं जातात. परत निघताना आमू रडत नाही म्हणे, दारात उभी राहून पाहत राहते. सोनालीनं बदलीचा अर्ज दिला आहे, कुठंही द्या म्हणून.

हे सांगून झाल्यावर म्हणाले, "राहुल माझ्याशी चांगलाच बोलला गं. चहा पाजला मला." आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी एक बाई आली, पूनम नावाची. सावरगावला राहते, इथल्या दवाखान्यात नर्सची नवीन नोकरी लागली आहे. सोबत मुलगी, आमूएवढीच असेल. घर पाहून बाई खूश झाली. मग दारात अडखळली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. इथं प्रार्थना होते म्हणतात. आमचं जरा वेगळं—"

मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. म्हटलं, "जागा नाही."

"एकच लेकरू आहे, ताई. मी डबा देत जाईन, काही त्रास नाही देत ती."

"खरंच जागा नाही."

तोवर मुलगी चपला काढून आत गेली होती आणि ठोकळे काढून लेकरांमध्ये बसली होती. बाईनं तिला बोलावलं. ती आली नाही. मग आत येऊन उचलावं लागलं तिला. चपलेचा पट्टा लागत नव्हता, बाई खाली वाकून लावत राहिली, पोरगी मागे वळून खोलीत पाहत होती. मी दार धरून उभी होती.

त्या गेल्यावर हे आतून आले. "जागा तर आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "ठेवलं असतं तर हाल झाले असते पोरीचे."

"मग नाही होऊ द्यायचे हाल," हे म्हणाले.

मी घंटी उचलली. आरतीची वेळ झाली होती.